पापणीवरचा गुलाल

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू ओल्या केसांनीच समोर आलीस आणि डावा डोळा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणून विचारलंस, की गरम पाण्यानं आंघोळ केली की पापणी गुलाबी का होते. तुझ्या धाकट्या भावानं मागून सांगून टाकलं की ती रागावली की पण होते, आणि ती रोज रागावते. मग तुमचं भांडण जुंपलं, तुझ्या आईनं फोन काढून घेतला आणि माझं उत्तर राहून गेलं.

फोनवर अशी उत्तरं देता येतही नाहीत. अर्धं वाक्य झालं की कुणीतरी 'ऐकू येत नाही' म्हणतं. म्हणून लिहून पाठवते आहे. मराठी वाचताना तू अजून अडखळतेस, तेव्हा आईकडून वाचून घे, पण तिला मध्येमध्ये दुरुस्त्या करू देऊ नकोस. त्या दिवसांत ती इतकी घाबरलेली होती की तिच्या आठवणीत सगळं मागंपुढं झालं आहे. माझ्या आठवणीत सगळं जागच्या जागी आहे. धाकट्या, तुझा यात काही संबंध नाही, पण तूही ऐक. आजोबांची गंमत आहे.

तू आमच्याकडे कोल्हापुरात जन्मलीस. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजानं तुझी आई आली होती. तुझे बाबा तेव्हा पुण्याला नोकरी करत आणि शनिवारी यायचे. जन्मलीस तेव्हा तुझी पापणी स्वच्छ होती. तुला न्हाऊमाखू घालायला ज्या मावशी यायच्या, त्यांनी एका सकाळी तुला पायांवर घेतलं आणि म्हणाल्या, डास चावलाय वाटतं लेकराला. डाव्या वरच्या पापणीवर एक तांबडा ठिपका होता. मी मच्छरदाणी तपासली, तिच्यात एक भोक सापडलं, ते शिवून टाकलं आणि विषय संपला असं मानलं. आठवड्याभरात तो ठिपका डाळिंबाच्या दाण्याएवढा झाला. पुढं चिंचोक्याएवढा झाला, आणि नुसता रंग न राहता वर उचलून आला, मऊ, भरलेला.

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या प्रत्येकीकडं त्याचं कारण तयार होतं. एकीनं ग्रहणावर ठेवला ठपका. समोरच्या काकूंनी तुझ्या आईला विचारलं, दिवस असताना तांबडा रस्सा फार खाल्लास का. मी म्हटलं, रश्श्यानं डाग पडत असते तर आख्खं कोल्हापूर तांबडं जन्मलं असतं. त्या हसल्या, पण जाताना तुझ्या आईला हळूच म्हणाल्याच, की पांढराही चांगला असतो.

मग आली तुमची बिद्रीची आजी, म्हणजे तुझ्या बाबांची आई. ती आली की घर भरल्यासारखं होतं, कारण ती दारातूनच बोलायला लागते. डिंकाचे लाडू आणि घरच्या म्हशीच्या दुधाची किटली घेऊन ती आत आली, पाय धुतले, तुला मांडीवर घेतलं आणि उजेडाकडं तोंड करून बराच वेळ बघत राहिली. तुझ्यासाठी तिनं जोतिबाला नवस बोलला होता. ती मला म्हणाली, "ह्यो डाग न्हाय, इहीणबाई. ह्यो जोतिबाचा गुलाल हाय. मागून घेतलेलं लेकरू हाय, खूण करून पाठवलीया."

मला ते मनापासून आवडलं. ग्रहण आणि रस्सा यांच्यापेक्षा हे कारण कितीतरी चांगलं होतं. तुझी आईही कितीतरी दिवसांनी हसली. अडचण एवढीच होती, की गुलाल लावला तेवढाच राहतो, हा रोज वाढत होता. त्याच्या वजनानं पापणी खाली आली. उजव्या डोळ्यानं तू टकामका बघायचीस आणि डावा डोळा दुपारच्या कीर्तनाला बसलेल्या माणसासारखा अर्धा मिटलेला असायचा.

लहान मुलांच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडं आम्ही तुला नेलं, त्या हळू आवाजात बोलणाऱ्या आणि एकही प्रश्न टाळत नसत. त्यांनी सांगितलं, हा बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका आहे. पुष्कळ बाळांना होतो, काही महिने वाढतो, मग वर्षानुवर्षं हळूहळू आपोआप विरतो. पाठीवर असता तर आम्ही त्याला हातसुद्धा लावला नसता. पण हा डोळ्यावर आहे. बाळ बघायला शिकतं ते याच महिन्यांत. जो डोळा झाकलेला राहील त्याच्याकडं मेंदू लक्ष देणं सोडून देतो, आणि मग पुढं पापणी मोकळी झाली तरी तो डोळा मागंच राहतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणजे वाट बघायला वेळ नव्हता.

त्यावर औषध होतं. पाण्यासारखं पातळ, बिनसुईच्या सिरिंजनं तोंडात सोडायचं. मूळचं ते हृदयाचं औषध. हृदयाचे ठोके हळू करणारं, रक्तदाब उतरवणारं. ते हृदयासाठी देताना या डागांवर उतार पडतो हे योगायोगानंच कुणाच्या तरी ध्यानात आलं, असं बाई म्हणाल्या.

हे ऐकून आजोबांनी शर्टाच्या खिशातून आपल्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्यांची छाती मध्येच धडधडायची म्हणून त्यांना काही वर्षांपासून एक गोळी चालू होती. बाईंनी पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "हो आजोबा. हिचं औषध तुमच्या गोळीचं चुलत भावंड आहे."

त्यांना वाटलं आजोबांना बरं वाटेल. आजोबांचा चेहराच उतरला. तुला माहीत आहे, उद्यमनगरात आजोबांचं मोटरी दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. चालत्या मोटरीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. घरी येऊन ते मला म्हणाले की चांगल्या चालत्या मोटरीला कुणी ब्रेक लावतं का. त्या गोळीनं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. जिना चढताना पाय जड होतात, बोटं गार पडतात, पहाटे चित्रविचित्र स्वप्नं पडतात. एवढ्याशा जिवाला ते सांगता तरी येणार आहे का, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी तुझ्या छातीला कान लावला आणि आणखी घाबरले. तुझे ठोके त्यांच्या दुपटीनं पळत होते. त्यांना वाटलं, आपली धडधड नातीला आली. बाळाचं हृदय असंच पळतं हे त्यांना पटवायला बाईंना दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा लागला.

त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नव्हते. माझ्याही मनात होतीच. म्हणून मी प्रश्न काढले आणि बाईंना विचारले. त्यांनी तुझ्या छातीचा ईसीजी काढून घेतला, सोनोग्राफीसारख्या यंत्रानं हृदयाच्या झडपा नि कप्पे बघितले, दमा-घरघर आहे का ते विचारलं. सगळं ठीक निघालं. तरी पहिला डोस घरी द्यायचा नाही, दवाखान्यात आमच्या समोर द्यायचा, अगदी थोड्यापासून सुरुवात करायची, असं त्या म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. रक्तदाब मोजायचा बाळाचा पट्टा असतो, आपल्या घड्याळाच्या पट्ट्यासारखा. तो तुझ्या दंडावर बांधला, पायाच्या बोटाला तांबडा दिवा लावला आणि पडद्यावर तुझे ठोके दिसू लागले. आधी आईनं पाजलं. मग सिस्टरनी सिरिंज गालाच्या आत धरून औषध सोडलं. तू तोंड वाकडं केलंस, पण गिळलंस. आजोबा एक हात तुझ्या तळपायावर ठेवून पडद्याकडं टक लावून बसले. तासाभरानं आकडा खाली येऊ लागला तसे ते उभे राहिले. बाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या की एवढं अपेक्षितच आहे, औषध पोचलं याची ती पावती आहे. आजोबा तरी बसेनात. तेव्हा त्यांनी आजोबांचंच बोट घेतलं आणि तो दिवा त्यांना लावला. पडद्यावर आलेला आकडा बघून त्या म्हणाल्या, "बघा, खाली येऊनसुद्धा तुमच्यापुढं किती आहे ती. काळजी करायचीच तर मी तुमची करीन." सिस्टर हसल्या, तुझी आई हसली, आणि आजोबा खुर्चीवर बसले.

घरी पाठवताना बाईंनी बजावलं ते तुझ्या आईकडून त्यांनी पुन्हा म्हणवून घेतलं. आधी दूध, मग औषध. रिकाम्या पोटी कधीही नाही. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील, छातीत घरघर असेल तर तो डोस चुकू दे, आम्हाला फोन करा. चुकलेला डोस चालेल, उपाशी पोटी दिलेला चालणार नाही.

औषध द्यायचं काम आजोबांनी स्वतःकडं घेतलं. ज्याची भीती वाटते ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. सकाळी आईनं पाजून तुला बाहेर आणलं की ते आधी आपली गोळी घ्यायचे आणि मग तुझं औषध सिरिंजमध्ये ओढून उजेडात धरून बघायचे. तुम्हा दोघांचे हातपाय गार पडायचे म्हणून ऐन उन्हाळ्यात आमच्या घरात दोन माणसं पायमोजे घालून असायची. दुपारी तू झोपेत दचकलीस की आजोबा म्हणायचे, तिलाबी स्वप्नं पडत्यात माझ्यासारखी. तू काय स्वप्न बघत होतीस देव जाणे. त्यांना मात्र नेहमी एकच पडायचं, की वर्कशॉप उघडायला गेलेत आणि कुलपाची किल्ली घरी राहिली.

आणि डाग उतरू लागला. आधी त्याचा भडक रंग गेला, मग फुगीरपणा बसला. एका सकाळी मी पडदे सारले तर तू दोन्ही डोळे सारखे उघडून माझ्याकडं बघितलंस. मी हातातला पडदा तसाच धरून उभी राहिले. कधी नव्हे तो त्या दिवशी माझा चहा उतू गेला.

इथवर सगळं सरळ होतं. मग ठरलं जोतिबाला जायचं.

नवस फेडायचा होता, तुला देवाच्या पायावर घालायचं होतं आणि बिद्रीच्या आजीनं रविवार धरला होता, कारण रविवार जोतिबाचा. तुझे बाबा पुण्याहून आले होते, तेच गाडी चालवत होते. बिद्रीची आजी रविवारी दर्शन होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही. तिचं बघून त्या दिवशी तुझ्या आईनंही काही खाल्लं नाही, आणि आजोबांनीही. तुला आईनं घर सोडण्यापूर्वी पाजलं होतं, पण झोपेतच, थोडंसं. वाटेत पाजू असं ठरलं. गाडी घाटाला लागली आणि तू गाढ झोपलीस. वर पोचलो तर गर्दी नेहमीपेक्षा जास्त. दोन्ही बाजूंनी नारळ-गुलालाची दुकानं, पायऱ्यांवर माणसंच माणसं, वरून गुलाल-खोबरं उधळत होते आणि 'चांगभलं'च्या गजरात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नव्हतं. आम्ही रांगेत उभे राहिलो. तू उठून चुळबुळ केलीस तेव्हा आई म्हणाली, पाजते हिला. बिद्रीची आजी म्हणाली, आता जवळच आलोय की, आधी पायावर घालूया, मग पाज. ते कुणालाच वावगं वाटलं नाही. देवाच्या आधी आपण खात नाही, ही सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली असते, की ती तान्ह्या बाळाला लागू नाही हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

आजोबांच्या गोळीची वेळ झाली. उपवासाला औषध चालतं, हे तर आपल्याकडं सगळेच म्हणतात. त्यांनी बाटलीतल्या पाण्याच्या घोटाबरोबर आपली गोळी घेतली, जशी ते प्रत्येक उपवासाला घेत. मग रुमालात गुंडाळलेली तुझी सिरिंज काढली. त्यांनी विचारलंही, देऊ ना. आणि बिद्रीची आजी म्हणाली, द्या की, औशिदाला काय उपास असतोय. तुझ्या आईनं मान हलवली. त्या गर्दीत आम्ही सगळे शहाणेसुरते उभे होतो, आणि 'आधी दूध, मग औषध' हे सगळ्यांना पाठ होतं. देवाच्या दारात फक्त त्याचा दुसरा अर्धा भाग आठवला.

रांग हलली नाही. बऱ्याच वेळानं पुजाऱ्यांनी तुला पायावर घातलं, तुझ्या कपाळाला गुलाल लावला आणि वरून आणखी मूठभर तुझ्या अंगावर पडला. आम्ही बाहेर आलो. तुझ्या आईनं एका दुकानाच्या आडोशाला बसून तुला पदराखाली घेतलं. तू प्यायला तयार नव्हतीस. रडतही नव्हतीस. आई म्हणाली, "ही सैल पडलीय. आई, हिला बघ ना." मी तुझी मान हातावर घेतली. गुलालाच्या खाली अंग घामानं ओलं आणि गार होतं.

आजोबांनी तुझ्या झबल्याचे बंद सोडले आणि छातीला कान लावला. गजरात त्यांना काही ऐकू येईना. ते कान काढायचे, पुन्हा लावायचे. मी बाईंना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, औषधाआधी प्यायली होती का. मी म्हटलं, नाही. ती गिळते आहे का ते बघायला त्यांनी सांगितलं. ओठावर थेंब लावला तर तू जीभ हलवलीस. मग साखरेचं पाणी थेंबाथेंबानं द्या, जागी करत राहा, ओढू लागली की दूध द्या आणि तशाच निघून या, असं त्या म्हणाल्या. घाई त्यांच्या आवाजात होती, घबराट नव्हती. तोवर शेजारच्या चहावाल्यानं कपात साखर आणि गरम पाणी कालवून पुढं केलं होतं आणि भोवतीच्या लोकांना तो ओरडून सांगत होता, "पावणं, सरका मागं, लेकराला वारा येऊ द्या."

मी करंगळीनं गालाच्या आत थेंब सोडत गेले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एकदा तू ओठ मिटलेस आणि माझं बोट ओढलंस. मग कपाळाला आठ्या घातल्यास, आणि मग असं रडलीस की आजूबाजूच्या चार माणसांनी वळून बघितलं. तितकं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. आईनं तुला घेतलं आणि तू अधाशासारखी प्यायला लागलीस.

दवाखान्यात पोचेपर्यंत तू झोपाळू डोळ्यांनी सगळ्यांना न्याहाळत होतीस. टाच टोचून साखर बघितली, ठोके बघितले, दाब बघितला. सगळं जागेवर आलं होतं. बाई तुला तपासून वळल्या, आजोबांकडं बघितलं आणि हसू दाबायला त्यांनी तोंडावर हात ठेवला. तुझ्या छातीवरचा गुलाल लागून आजोबांचा एक कान पुरता गुलाबी झाला होता. आम्हाला कुणालाही ते दिसलं नव्हतं.

मग त्यांनी नीट समजावलं. एरवी बाळाच्या अंगातली साखर उतरली की हृदय धडधडायला लागतं, हातपाय थरथरतात, बाळ आकांत करतं. ती शरीराची बोंब असते. हे औषध हृदयाला लगाम घालतं, तेव्हा ती बोंबही दबून जाते. साखरही लवकर उतरते. म्हणून बाळ न रडता गप्प पडतं. औषध वाईट नाही, पोट रिकामं असणं वाईट. त्यांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, दूध पाजून पुन्हा सुरू करा.

पण आमच्याकडं ते सुरू होईना. आजोबांनी बाटली फ्रीजवर ठेवली आणि म्हणाले की आता ते त्या बाटलीला हात लावणार नाहीत. तुझी आई म्हणायची, उद्या देऊ. उद्या आला की पुन्हा उद्या. मी द्यायला गेले की ती तुला छातीशी घट्ट धरायची, आणि आईच्या मिठीतून बाळ काढून औषध पाजणं मला जमणारं नव्हतं. मी बाईंशी तिचं बोलणं करून दिलं. फोनवर ती हो म्हणाली आणि फोन ठेवल्यावर रडली. इकडं पापणी पुन्हा जड होऊ लागली. सकाळी पडदे सारले की तुझा डावा डोळा अर्धाच उघडायचा. ते बघायला नको म्हणून तुझी आई पडदे सारू देईना.

अशात बिद्रीची आजी येणार म्हणून फोन आला. मला खरं तर धास्तीच वाटली. देवाच्या दारात असं झालं म्हणजे देवालाच हे औषध नको आहे, असं ती म्हणणार, आणि मग तुझ्या आईला कुणीही हलवू शकणार नाही, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली. बहुतेक सगळी इंग्रजीत होती.

ती आली, पाय धुतले, किटली ठेवली आणि तुला घेऊन मागच्या दारी उजेडात बसली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे. तुझ्या कानामागं आणि मानेच्या वळीत जोतिबाचा गुलाल अजून थोडा राहिला होता. इतक्या आंघोळींतून तो कसा टिकला कोण जाणे. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि हळूहळू तो पुसायला लागली. पुसतापुसता म्हणाली, "गुलाल देवाच्या दारात घ्यायचा असतोय. घराकडं येताना झटकूनच येतोय की आपण. कोण ठेवतंय त्यो जन्मभर? ह्यो तर पोरीच्या डोळ्यावर बसलाय. झटकायलाच पायजे."

मग तिनं वर आजोबांकडं बघितलं. "आणि इवाई, तुमी कशापायी तोंड पाडून बसलाय? उपास माझा हुता. पोरीचा न्हवता. मीच तिला उपाशी ठेवली. चुकलं आसंल तर माझं चुकलं, त्या बाटलीचं न्हाय."

आजोबा म्हणाले, दिलं तर मीच. ती म्हणाली, दिलंसा तुमी, आडवली मी, समदं वाटून घेऊ. आता पोरगीला पाजा आणि आणा तुमची ती पिचकारी.

माझी इंग्रजी उत्तरं तशीच राहिली. तुझी आई तिथंच पायरीवर बसली, तिनं तुला घेतलं आणि पाजलं. पोटभर, सावकाश. बिद्रीची आजी पंख्यासारखा पदर हलवत शेजारी बसून होती आणि अजून पी, अजून पी, म्हणत होती. आजोबांनी बाटली उतरवली. सिरिंज उजेडात धरून दोनदा बघितली. तुझ्या गालाच्या आत औषध गेलं, तू नेहमीसारखं तोंड वाकडं केलंस आणि बिद्रीची आजी म्हणाली, "व्हय, कडू हाय. तुझ्या आजोबालाबी कडूच लागतंय."

त्यानंतर मी एक पद्धत घातली. तुझ्या बारशाची चांदीची वाटी होती, ती औषधाच्या बाटलीवर उपडी घालून ठेवायची. जिनं पाजलं तिनंच येऊन वाटी उचलायची आणि उताणी ठेवायची. वाटी उपडी असेल तर बाटलीला कुणी शिवायचं नाही, मग देव येवो की पाहुणे. आजोबा कधी कधी वाटीपाशी येऊन उभे राहायचे आणि आतल्या खोलीकडं तोंड करून विचारायचे, झाली का ग बाईसाहेबांची न्याहारी? आणि काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की उपवासाच्या दिवशीही ते गोळीच्या आधी कपभर दूध घेऊ लागले होते. डॉक्टरांनी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, तिच्या सोबतीला.

वर्षाची झालीस तोवर औषध चालू होतं. मग बाईंनी हळूहळू कमी करत बंद केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुझा उजवा डोळा झाकला आणि डाव्यासमोर एक पिवळं बदक धरून हलवलं. तू त्या बदकामागं अशी झेपावलीस की ते त्यांच्या हातातून पडलं. दोन्ही डोळे सारखे आहेत, ते म्हणाले. तुझ्या आईनं त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

तर पापणीवर जे गुलाबी दिसतं ते त्या पुंजक्याचं उरलेलं. अंग तापलं, राग आला, रडू आलं की तिथं रक्त थोडं जास्त धावतं आणि ते उजळतं. बाकी वेळ शोधूनही सापडत नाही. तुझ्या हृदयाला त्या औषधाचं काही उरलेलं नाही, आणि ज्या मुलीचं हृदय धाकट्या भावाशी रोज एवढं भांडून ठणठणीत राहतं तिची मला काळजी नाही.

गेल्या सुट्टीत तुम्ही आला होतात तेव्हा आपण जोतिबाला गेलो ते तुला आठवत असेल. घरून निघताना बिद्रीच्या आजीनं तुम्हा दोघांना कपभर दूध प्यायला लावलं आणि तू कुरकुरलीस, की सगळे उपाशी आहेत मग आम्हालाच का. तिनं नुसता कप पुढं सरकवला. दर्शन करून गाडीपाशी आल्यावर तिनं तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळावरचा, भुवयांतला गुलाल पदरानं झटकला, आणि डाव्या पापणीवरून पदराचं टोक जरा जास्त वेळ फिरवलं. तू म्हणालीस, पुरे आजी, गेला सगळा. ती म्हणाली, "बघू दे की मला."